साप सीमा मानत नाही, कागद मात्र मानतो : सर्पमित्र आणि वनमजुरांना संघटना कशासाठी हवी?

पावसाळ्याची रात्र, साडेनऊची वेळ. गोठ्यात वैरणीखाली काहीतरी सळसळलं म्हणून घरात आरडाओरडा होतो. म्हातारी जनावरांना बाहेर काढायला सांगते, पोरं बॅटरी घेऊन दारात उभी राहतात, आणि मग कुणाला तरी सुचतं, "अरे, त्या सर्पमित्राला फोन लाव की!" निपाणी, कागल, चिकोडी, गडहिंग्लज, चंदगड, खानापूर, गाव कुठलंही घ्या. हा प्रसंग आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक घराला माहीत आहे.

फोन गेला की अर्ध्या तासात एकजण मोटारसायकलवरून येतो. कुणी गॅरेजवाला असतो, कुणी कॉलेजचा पोरगा, कुणी कारखान्यात पाळी करून आलेला. हातात लोखंडी हुक, पाठीवर पिशवी. साप धरतो, लांब नेऊन सोडतो. चहा होतो, पेट्रोलला म्हणून कुणी शंभराची नोट खिशात घातली तर घातली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आपल्या कामावर.

आता दुसरी बाजू बघा. त्याच रात्री साप त्यालाच चावला तर? दवाखान्याचा खर्च कुणी करायचा? जीवच गेला तर बायकापोरांनी कुणाच्या दारात जायचं? आणि तो निपाणीचा असून साप कागल तालुक्यात धरत होता, तर कुठल्या राज्याचं वनखातं त्याला आपला माणूस म्हणणार?

सर्पमित्र, प्राणी वाचवणारे स्वयंसेवक, वनखात्यात रोजंदारीवर किंवा एजन्सीमार्फत काम करणारे वनमजूर आणि वॉचर, या सगळ्यांनी संघटनेत का जावं, ते या प्रश्नांवरूनच कळतं. म्हणून फायदे एकेक करून बघू. संघटना जे देऊ शकत नाही, तेही बघू.

आधी कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ फक्त मारणं एवढाच नाही. वन्यप्राणी पकडणं, सापळ्यात अडकवणं हेही त्याच व्याख्येत येतं. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. त्यानंतर नाग, घोणस आणि आपली साधी धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या यादीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

याचा अर्थ साप वाचवणाऱ्याला लगेच कुणी तुरुंगात टाकतं असा नाही. वनखातं स्वतःच सर्पमित्रांना बोलावतं, त्यांच्यावर बरंच अवलंबूनही असतं. पण वनखात्याची परवानगी, नोंद किंवा लेखी सूचना नसताना साप पकडणारा माणूस कायद्याच्या नजरेत उघडा पडतो. सगळं सुरळीत असतं तोवर कुणी विचारत नाही. पिशवीत साप घेऊन जाताना नाक्यावर पोलिसांनी अडवलं, किंवा सोडायला नेलेला साप वाटेत मेला, की पहिला प्रश्न येतो तो कागदाचा.

सीमेवरचा पेच

पुण्यात किंवा धारवाडमध्ये काम करणाऱ्याला एकच वनखातं असतं. आपल्याकडे तसं नाही. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदललं, वनखातं बदललं, अर्जाची भाषाही बदलली. परवानगी देणारा मुख्य वन्यजीव रक्षक हा त्या त्या राज्याचा अधिकारी. कर्नाटकातल्या कार्यालयानं दिलेलं पत्र कागलमध्ये आपोआप चालत नाही आणि कोल्हापूरचं पत्र निपाणीत चालत नाही.

जनावरांचा मात्र या सीमेशी काही संबंध नाही. वेदगंगा आणि दूधगंगेला पूर आला की पाण्याबरोबर साप दोन्ही काठांवरच्या घरात शिरतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हे सगळ्यांनी पाहिलंय. दांडेलीच्या बाजूनं आलेले हत्ती २००२ पासून दोडामार्ग, चंदगड, आजऱ्यापर्यंत फिरतायत. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. ते गोव्याच्या म्हादई अभयारण्याला आणि पुढे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला जोडलेलं आहे. वरच्या बाजूला तिलारी, चंदगड, राधानगरी आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाचा हा एकच रस्ता आहे आणि तो तीन राज्यांतून जातो.

म्हणून इथल्या माणसाला शेजारच्या राज्यातल्या ओळखी लागतातच. एकट्यानं त्या जमवायला दहा वर्षं जातात. संघटनेत त्या पहिल्या दिवसापासून मिळतात.

फायदा पहिला : कागदावरची ओळख

संघटनेचं पहिलं काम म्हणजे यादी. कोण साप धरतो, किती वर्षांपासून, कुठल्या भागात, त्यानं प्रशिक्षण घेतलंय का, त्याचा रक्तगट काय, घरच्यांचा नंबर कुठला. अशी सह्यांसकटची यादी घेऊन सात-आठ जण वनाधिकाऱ्याकडे गेले की त्याला ती वाचावी लागते. एकटा माणूस गेला तर "बघू" म्हणून परत पाठवणं सोपं असतं.

महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचं जाहीर केलं. त्यांना अत्यावश्यक सेवेत धरावं म्हणून मुख्यमंत्र्यांकडे शिफारस करू, असंही सांगितलं. घोषणा आणि हातात पडलेलं कार्ड यात अंतर असतं हे आपण जाणतो. पण समजा उद्या अशी यादी करायला तालुक्याला अधिकारी आला, तर तो विचारणार कुणाला? ज्यांची नोंदवही तयार आहे त्यांनाच. आणि एका राज्यानं दिलेला असा लाभ आधी त्या राज्याच्या नोंदीत असलेल्यांनाच मिळणार. सीमेवर दोन्हीकडे काम करणारा माणूस दोन्हीकडून सुटू नये, यासाठी त्याच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं.

फायदा दुसरा : विमा आणि त्याची कागदपत्रं

इथं बहुतेकजण चुकतात. विम्याचा विषय निघाला की "आम्हाला कोण विमा देणार?" म्हणून सोडून देतात. पण काही योजना केंद्राच्या आहेत आणि त्यांना राज्याची सीमा लागत नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक किंवा पोस्टातल्या बचत खात्यातून वर्षाला फक्त २० रुपये कापले जातात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर एक लाख. साप चावणं, झाडावरून पडणं अशा घटनांत रुग्णालयातली तातडीची नोंद पुरावा म्हणून धरली जाते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपये भरून १८ ते ५० वयाच्या माणसाला कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी दोन लाखांचं संरक्षण आहे.

याउलट गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना बघा. तीत सर्पदंशही येतो, दोन लाखांपर्यंत मदतही मिळते, पण ती महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबांसाठी. निपाणीच्या सर्पमित्राला तिचा उपयोग नाही.

मग यात संघटना काय करते? तीन गोष्टी. एक, दरवर्षी मे महिन्यात सगळ्या सदस्यांच्या खात्यातून हप्ता गेला की नाही हे तपासते, कारण या दोन्ही योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि खात्यात पैसे नसले की संरक्षण गुपचूप तुटतं. दोन, खासगी कंपनीची गट अपघात पॉलिसी घेताना 'धोकादायक काम' या कलमाखाली साप पकडणं वगळलंय का, हे कंपनीकडून लेखी विचारून घेते. तीन, दुर्घटना झालीच तर दाव्याची फाइल करते.

ही फाइल आपल्याकडे जास्त अवघड असते. निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर त्याच्या निम्म्यावर. त्यामुळे सीरियस रुग्ण बरेचदा कोल्हापूरच्या सीपीआरला हलवतात. माणूस कर्नाटकचा, घटना एखाद्या वेळी महाराष्ट्रातली, पहिली सुई निपाणीत, पुढचे उपचार कोल्हापुरात. केसपेपर दोन ठिकाणी आणि भाषा दोन. घरात दुःख असताना विधवा बाईनं हे कागद कसे गोळा करायचे? म्हणून पहिल्या दवाखान्यातच केसपेपरवर 'सर्पदंश' हा शब्द आणि वेळ लिहून घ्यायची, हे प्रत्येक सदस्याला पाठ हवं. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार आहे, त्यामुळे तिथल्या रुग्णालयाला ही नोंद करावीच लागते.

फायदा तिसरा : प्रशिक्षण आणि शिस्त

"मी शेकड्यानं साप धरलेत, मला काय शिकवता?" असं म्हणणारा प्रत्येक तालुक्यात असतो. केरळचे वावा सुरेश हे देशभर नाव असलेले सर्पमित्र. हजारो साप धरलेला माणूस. जानेवारी २०२२ मध्ये त्यांना नाग चावला आणि जिवावर बेतलं. अनुभव विष उतरवत नाही.

केरळच्या वनखात्यानं यातून मार्ग काढला. 'सर्प' नावाचं अ‍ॅप आणलं. प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळालेल्यांचीच नावं त्यात. हुक, नळी आणि पिशवी वापरून, सापाला हात न लावता पकडायचं हा नियम. आपल्याकडे असं अ‍ॅप येईल तेव्हा येईल, पण तोच नियम एखादी संघटना उद्यापासून लावू शकते. दारू पिऊन जायचं नाही. एकट्यानं जायचं नाही. साप गळ्यात घालून रील करायची नाही. पकडलेला साप घरी ठेवायचा नाही, पकडल्याची आणि सोडल्याची वेळ-जागा वहीत लिहायची. जो हे मोडेल त्याचं कार्ड काढून घ्यायचं.

ही शिस्त सदस्याचंच रक्षण करते. सोशल मीडियावर एकानं केलेल्या स्टंटमुळे अख्ख्या तालुक्यातले सर्पमित्र बदनाम होतात आणि मग अधिकारीही हात आखडता घेतात. शिवाय नीट ठेवलेली वही पुढे कामाची ठरते. कुठल्या महिन्यात कुठल्या गावात घोणस जास्त निघतात, हे एका जागी लिहिलेलं असलं तर आरोग्य केंद्राला प्रतिविषाचा साठा किती ठेवावा हे सांगता येतं. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडलाय, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलंय. गावात पहिल्यांदा पोचणारा माणूस सर्पमित्रच असतो, तेव्हा त्याच्याशिवाय हे व्हायचं कसं?

फायदा चौथा : मोठ्या प्रसंगात कुणाचं ऐकायचं?

ऑगस्ट २०२२ आठवा. बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला. आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या. ड्रोन लागले, शिवमोग्गाजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले, तरी बिबट्या काही सापडला नाही. अशा वेळी बघ्यांची गर्दी आणि उत्साही पोरं हीच मोठी डोकेदुखी होते. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला दोरीबाहेर ठेवायचं, हे ओळखायला वनखात्याकडे काही साधन हवं. प्रशिक्षित स्वयंसेवकांची यादी आधीपासून असेल तर काम सोपं होतं. आणि त्यात जखमी झालेला स्वयंसेवक 'मध्ये घुसलेला' ठरत नाही, बोलावलेला ठरतो. नुकसानभरपाईच्या वेळी या एका शब्दानं फरक पडतो.

वनमजुरांचं काय?

सर्पमित्र निदान लोकांना माहीत तरी असतो. भीमगड, दांडेली किंवा राधानगरीच्या जंगलात रात्री कॅम्पवर राहणारा रोजंदारी वॉचर कुणालाच माहीत नसतो. जाळपट्टे काढणं, वणवा विझवणं, शिकाऱ्यांवर नजर ठेवणं, कॅमेरे लावणं, गव्याच्या कळपामागून जाणं ही त्याची कामं. ताडोबात नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी गेलेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. तिच्यासोबत मदतनीसही होते. वनरक्षक कायम नोकरीत असते. मदतनिसाच्या नोकरीचा कागद कुठे असतो?

एजन्सीमार्फत कामाला असाल आणि पगारातून पीएफ कापला जात असेल, तर तुमचा यूएएन नंबर आजच मागून घ्या. पीएफच्या सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्याला जोडलेल्या विमा योजनेतून वारसाला जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. पैसे कापले गेले पण भरलेच नाहीत, हे एकट्या मजुरानं विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं काम जातं. तेच चाळीस मजुरांच्या वतीनं संघटनेनं पत्र लिहून विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. पीएफ नसेल तर असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी आहे, १६ ते ५९ वयापर्यंत.

जगभरही हेच चाललंय. वनरक्षकांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९९२ मध्ये स्थापन झाला. ३१ जुलैला जागतिक वनरक्षक दिन पाळतात तो त्यांच्याच पुढाकारानं. आपल्याकडे ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन असतो. त्या दिवशी भाषणं होतात. त्याच दिवशी मजुरांच्या विम्याची यादी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली तर जास्त बरं.

निपाणीला हे नवीन नाही

संघटना म्हटलं की काहीजण नाक मुरडतात. "वर्गणी भरा, मोर्चाला जा, पुढारी मोठे होणार." पण निपाणीनं तरी असं म्हणू नये. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच रस्त्यावर बसले, गोळीबार सोसला. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाया प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्यांच्या साथीनं एकत्र आल्या, तेव्हा कुठे त्यांना कामगार म्हणून मोजायला सुरुवात झाली. विडी वळणाऱ्या बाईच्या हातात ओळखपत्र आलं की दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती यांची दारं उघडतात, हे आपल्या आया-मावश्यांना विचारा. त्यांच्या अनुभवात सर्पमित्रांना शिकण्यासारखं बरंच आहे.

साप पकडणाऱ्यांचंच उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूतले इरुला बघा. पिढ्यान् पिढ्या साप धरून कातडी विकणारी ही जमात. कायदा आला, कातड्याचा धंदा बंद झाला आणि हातचं काम गेलं. १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, रोम्युलस व्हिटेकर यांचा त्यात पुढाकार होता. संस्थेला साप पकडून, विष काढून, परत सोडण्याचा अधिकृत परवाना मिळाला. आज देशात प्रतिविष बनवायला लागणारं बरंचसं विष त्यांच्याकडून येतं. याच जमातीतले मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एकेकट्या गारुड्याला हा परवाना कुणी दिला असता का?

संघटना काय देऊ शकत नाही?

हे स्पष्ट सांगायला हवं. संघटनेचं कार्ड म्हणजे साप पकडण्याचा परवाना नव्हे. तो अधिकार फक्त वनखात्याचा. कार्ड दाखवून कुणी "आता तुम्ही अधिकृत झालात" म्हणत असेल आणि त्यासाठी हजारो रुपये मागत असेल, तर पाठ फिरवा. सामील होण्याआधी एवढं तपासा :

– संस्था नोंदणीकृत आहे का? नोंदणी क्रमांक आणि शेवटचा ऑडिट बघायला मागा.
– वर्गणीची पावती मिळते का?
– वर्षाला किमान एक प्रशिक्षण होतं का, आणि त्यात डॉक्टर व वनाधिकारी असतात का?
– दुर्घटना झाली तर काय मदत करणार, हे लेखी आहे का?
– सीमेच्या दोन्ही बाजूंचे सदस्य आणि दोन्ही वनखात्यांशी पत्रव्यवहार आहे का?

आपल्या भागात संघटना नसेल तर?

कर्नाटकात १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण एकत्र आले की संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रातही १८६० च्या कायद्याखाली सात जण पुरतात, पुढची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे. रोजंदारी वनमजुरांसाठी वेगळी कामगार संघटना काढणं योग्य, कारण त्यांचा मालकाशी पगाराचा प्रश्न असतो आणि सर्पमित्रांचा तसा नसतो. दोन्ही राज्यांत मिळून सहकारी संस्था काढायची तर २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली प्रत्येक राज्यातून किमान ५० सदस्य लागतात. पतसंस्थांमुळे 'बहुराज्य' हा शब्द आपल्या भागात घराघरात माहीत आहे.

हे सगळं जड वाटत असेल तर छोटी सुरुवात करा. निपाणी, कागल, चिकोडी, गडहिंग्लज मिळून वीस जणांची यादी. प्रत्येकाच्या खात्यातून २० रुपयांचा विमा. दोन्हीकडच्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना एक पत्र, तिकडे कन्नडमध्ये, इकडे मराठीत. आणि एक ठराव : रात्री कॉलला कुणी एकटा जाणार नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की फोन वाजायला लागतात. ही यादी त्याआधी व्हायला हवी. पुढच्या वेळी तुमच्या गोठ्यातला साप धरायला कुणी आला, तर चहा देताना त्याला एवढं जरूर विचारा, "दादा, तुमचा विमा हाय का?"